अण्णारावांच्या कारंजावरचा नळवाला

अक्कलकोट रस्त्यावर सोलापूरची शेवटची घरं संपत, तिथं एक दगडी कारंजं उभं होतं. कारंजं आपलं नावाला. उद्घाटनाच्या दिवशी, म्हणजे सन एकोणीसशे वीसच्या पाडव्याला, त्यातनं पाणी हातभर वर उडालं आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते पुन्हा कधी वर उडालं नाही, कारण पाण्याला तेवढा जोरच नव्हता. मग स्मारक समितीनं शहाणपण करून वरची तोटी बंद केली आणि समोरच्या सिंहाच्या तोंडात नळ बसवला. तो सिंह कोरणाऱ्या पाथरवटानं सिंह कधी पाहिला नसावा. तो बराचसा मेंढ्यासारखा दिसे. पण पाणी द्यायचा, आणि लोकांना त्याच्याकडून तेवढंच हवं होतं.

कारंजं बांधलं होतं कैलासवासी अण्णाराव कुंभारीकरांच्या स्मरणार्थ. अण्णाराव मुंबईच्या कौन्सिलात बसणारे, इंग्रजीत बोलणारे, पण बोलायला फार उठायचे नाहीत. एका दुष्काळी साली मदत कोणाला आधी द्यायची यावर तिथं दोन दिवस काथ्याकूट चालला होता. तिसऱ्या दिवशी अण्णाराव उठले, एकच वाक्य बोलले आणि खाली बसले. त्या वाक्याचं मराठी करून सिंहाच्या डोक्यावर काळ्या दगडात कोरलं होतं: ‘ज्याला मागता येत नाही, त्याला आधी.’ वाक्य चांगलं होतं. येणारेजाणारे ते बघत, कोणी वाचत, आणि घागर भरून घरी जात. त्याचा नळाशी काही संबंध असेल असं बसप्पा नळवाला होईपर्यंत कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

बसप्पा एकोणीस वर्षं एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. साचे खात्यात दोनतीनशे माग एकदम चालत, आणि त्या खडखडाटात शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही पोचत नसे. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकत. तेलगू बोलणारा पद्मशाली असो, दखनी बोलणारा मोमीन असो की कानडी बोलणारा बसप्पा असो, ओठ आणि हाताच्या खुणा यांवर सगळ्यांचं भागे. ही विद्या इतकी अंगात मुरे की आपले कान कधी गेले हे त्यांना कळतही नसे. बसप्पालाही ते कळलं ते मागाच्या एका पट्ट्यानं. पट्टा सुटला, लोक ओरडले, बसप्पा पाठमोरा होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि गिरणीही गेली. बोटं सगळ्यांना दिसत होती. कानांचं गुपित त्याच्या बायकोला, निंगव्वाला, तेवढं माहीत होतं.

कारंजावर नळवाला हवा असल्याचं कळलं तेव्हा ती दोघं भाड्याच्या खोलीतून निघायच्या बेतात होती. समितीचे चिटणीस वैरागकर वकील यांनी पहिल्या वाक्यालाच सांगून टाकलं, “बहिरा माणूस आम्हाला नको. आधीचा म्हातारा बहिरा होता. एकाचं ऐकायचा आणि दुसऱ्याची घागर भरायचा. रोज मारामाऱ्या.” वकिलांच्या मिशा ओठांवर आलेल्या असत, पण बसप्पानं हनुवटीवरून ते नेमकं टिपलं. “न्हाय सायेब,” तो म्हणाला, “माजं कान चांगलं हायत.” नोकरीबरोबर कारंजामागची एका खोलीची झोपडी मिळाली. निंगव्वानं तिथं चूल घातली, जमीन सारवली आणि कुडावर घेवड्याचा वेल चढवला. आता एवढं टिकलं पाहिजे, बाकी काही नको, असं ती रोज म्हणे, आणि बसप्पाला ते रोज दिसे.

पहिले दोन दिवस त्याची त्रेधा उडाली. पन्नास बायाबाप्ये, टांगेवाले, भिस्ती, सगळे एकदम बोलणार. ओठ वाचणाऱ्या माणसाला एका वेळी एकच तोंड वाचता येतं. निंगव्वा झोपडीच्या दारात उभी राहून हातानं खुणा करी: उजवीकडं, मागं, हिरव्या लुगड्याची. पण ती तरी किती करणार? स्वयंपाक कोणी करायचा? तिसऱ्या दिवशी सकाळी बसप्पानं घामाघूम होऊन मान वर केली आणि त्याची नजर कोरलेल्या वाक्यावर पडली. तो अक्षराला अक्षर लावून वाचत असे. त्यानं ते दोनदा वाचलं आणि नळ बंद केला.

“हितं काय लिवलंय बगा,” तो मोठ्यानं म्हणाला. “ज्याला मागता येत न्हाय, त्याला आदी. म्हंजी जो वरडंल, त्याची घागर शेवटाला. जो गप ऱ्हाईल, त्याची आदी. ह्यो अण्णारावांचा हुकूम हाय.”

“आन् आमी काय मुक्यावानी उबं ऱ्हायाचं व्हय रं?” महादेवीनं विचारलं. महादेवी जवळच राहणारी, तोंडाची फटकळ, आणि नात्यानं बसप्पाची लांबची चुलतबहीण. बसप्पानं तिची घागर उचलली आणि रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली. त्या दिवशी महादेवीला दहा वाजता पाणी मिळालं.

आठवडाभरात अख्खी रांग चिडीचूप झाली. सोलापुरात नळ म्हटला की भांडण आलंच. पण या एका नळावर माणसं देवळात उभी राहावीत तशी उभी राहायची. वाटसरू थांबून बघायचे. खोकला आला तर लोक तोंडावर पदर दाबायचे, न जाणो बसप्पा त्याला बोलणं समजला तर! वैरागकर वकिलांनी अण्णारावांच्या पुण्यतिथीच्या भाषणात बसप्पाचं नाव घेतलं. थोर माणसाचे शब्द आपण दगडावर कोरले, पण एका साध्या गिरणी कामगारानं ते जगून दाखवले, असं बरंच काही ते बोलले. बसप्पा पुढच्या रांगेत बसून सगळं वाचत होता. त्याला लाज वाटली. पण लाज वाटते म्हणून कोणी नोकरी सोडत नाही. त्यानं मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

अशी पाच वर्षं गेली.

या हुकमातून काही माणसं मात्र आधीपासूनच बाहेर होती, आणि ती बाहेर आहेत हे सांगायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती. महारवाड्यातलं कोणी आलं तर ते समोरच्या लिंबाखाली लांब उभं राही. रांग संपली की बसप्पा डब्यानं वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओती. भांडं दगडाला लागू द्यायचं नाही. सगळीकडं असंच चालायचं. बसप्पालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लिंगायतांच्या गुरूच्या, जंगमाच्या तोंडून लहानपणी त्यानं शिवशरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या कथा ऐकल्या होत्या. कोणी चांभार, कोणी महार, सगळे एका पंगतीत. पण त्या कथा होत्या, आणि नळ हा नळ होता.

एकोणतीसचा उन्हाळा वाईट आला. तलाव आटला आणि नळाला पाणी सकाळी सात ते नऊ एवढंच येऊ लागलं. रांग मात्र दुप्पट झाली. नऊ वाजले की सिंहाच्या तोंडातून हवा येई आणि उरलेले लोक मुकाट्यानं परत जात. लिंबाखालच्यांची पाळी अर्थातच येत नसे.

वळसंगच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून केराबाई दर मंगळवारी जळणाची मोळी घेऊन बाजाराला येई. महाराची बाई, पन्नाशीची, वाळलेली. बाजारात दिवसभर तिला पाणी कोण देणार? म्हणून जाताना ती इथं गाडगं भरून घ्यायची आणि दिवस त्यावर काढायची. चैत्रातल्या एका मंगळवारी ती नऊपर्यंत उभी राहिली आणि रिकामं गाडगं घेऊन बाजारात गेली. पुढच्या मंगळवारीही तेच झालं. त्या दिवशी संध्याकाळी ती परत फिरली तेव्हा बसप्पा झोपडीबाहेर बसला होता. केराबाई कारंजापाशी थांबली. इकडंतिकडं पाहिलं. जनावरांसाठी खाली एक दगडी डोणी होती, तिच्या तळाशी सकाळचं हिरवट पाणी उरलं होतं. ती वाकली आणि ओंजळीनं ते प्याली. मग पदरानं तोंड पुसून चालू लागली.

बसप्पानं मान फिरवली. पण बघायचं ते बघून झालं होतं.

तो आठवडा त्याचा बरा गेला नाही. जेवताना मध्येच थांबायचा. त्याच्या मनात एक जुनीच गोष्ट घोळत होती. कान गेल्यापासून तो दुकानात काही मागत नसे. मागितलं की दुकानदार उलट काहीतरी विचारणार, ते कळलं नाही की पितळ उघडं पडणार. म्हणून दुकानदार देईल ते तो घेई; किडकी डाळ दिली तर किडकी, शिळा गूळ दिला तर शिळा. मागता न येणं म्हणजे काय हे त्या साऱ्या रांगेत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रांगेतले लोक गप्प होते ते लवकर पाणी मिळावं म्हणून. केराबाई गप्प होती कारण तिचं बोलणं कोणी मोजलंच नव्हतं. हा विचार त्याला अजिबात आवडला नाही. आवडला नाही म्हणून तो गेलाही नाही.

तिसऱ्या मंगळवारी सात वाजता पाणी आलं. रांग लिंबाच्या पुढं गेली होती. केराबाई नेहमीच्या जागी मोळी टेकवून उभी होती. बसप्पानं पहिली घागर घेण्यासाठी हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. मग त्यानं केराबाईकडं बघून हात केला. ये.

तिला वाटलं मागच्या कोणाला बोलावतोय. तिनं मागं वळून पाहिलं. तो पुन्हा हात करून म्हणाला, “तूच. गाडगं घिऊन ये.” ती आली, चार हातांवर थांबली आणि गाडगं खाली ठेवून मागं सरकली. बसप्पानं ते उचललं आणि सरळ सिंहाच्या तोंडाखाली, दगडावर ठेवलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडगं भरायला वाकण्याआधी माणसाला एकदा मागं बघता येतं. झोपडीच्या दाराकडंही बघता येतं. निंगव्वा तिथं उभी होती आणि दोन्ही हात हलवून खुणा करत होती. बसप्पा दर घागरीला त्या दाराकडं बघायचा, ती त्याची पाच वर्षांची सवय होती. त्या दिवशी त्यानं बघितलं नाही. तोंड दगडाकडं केलं, पाठ सगळ्या गावाकडं केली आणि नळ सोडला.

रांगेनं पाच वर्षांचं मौन सोडलं. “बसप्पा! आरं ए बसप्पा, डोळं फुटलं का तुजं?” महादेवी ओरडली. “बाटिवला की नळ! उचल ते गाडगं!” एक टांगेवाला चाबूक आपटत पुढं आला. कोणी मराठीत शिव्या देत होतं, कोणी कानडीत, कोणी तेलगूत. केराबाई मात्र पळाली नाही. गाडगं नळाखाली होतं, ते टाकून कुठं जाणार? आणि बसप्पा वाकून शांतपणे पाणी भरत होता. गाडगं काठोकाठ भरलं, तेव्हा त्यानं ते उचलून तिच्या हातात दिलं. हातातच दिलं. “जा,” म्हणाला.

मग तो वळला आणि शंभरेक उघडी तोंडं त्याच्या समोर आली. गिरणीतली विद्या कामाला आली. एकेक शिवी त्याला स्वच्छ दिसली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यानं पुढची घागर घ्यायला हात पुढं केला. कोणी घागर देईना. कोणी म्हणे गोमूत्र आणा, कोणी म्हणे भटजी आणा, कोणी म्हणे आधी ह्याला हाकला. या वादात नऊ वाजले आणि पाणी गेलं. त्या दिवशी त्या नळाचं पाणी एकट्या केराबाईला मिळालं.

दुपारपर्यंत वकिलांकडं तक्रार गेली. जातीतल्या मोठ्या माणसांनी निरोप पाठवला की बसप्पाच्या घरचं पाणी आणि विस्तव आजपासून बंद. निंगव्वानं चूल पेटवली नाही. ती दिवसभर भांडी आपटत होती. नवऱ्याला ती आदळआपट ऐकू येत नव्हती, म्हणून त्याच्यासमोर बसून, तोंड त्याच्या तोंडासमोर आणून तिनं काय ते सुनावलं. पाच वर्षं घर सांभाळलं ते या दिवसासाठी का? वेलाला आत्ता कुठं शेंगा धरल्या. हे खोपटं गेलं तर या वयात कोणाच्या ओसरीला पडायचं? आणि तुमी माज्याकडं का बगितलं न्हाय?

मग ती रडायला लागली.

रडून झाल्यावर ती जरा निवळली, आणि मग तिला वाट दिसली. आवाज न करता, नुसत्या ओठांनी, घरातल्या त्यांच्या रीतीनं ती म्हणाली, “उद्या वकीलसायेबांनी इचारलं तर सांगा, नळ चालू हुता, लोकांचं ऐकू आलं न्हाय. ऐकू आलं आसतं तर गाडगं काडलं आसतं. खरंच हाय की वो. ऐकू कुटं आलं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी वैरागकर वकिलांनी दोघांनाही बोलावलं. वकील वाईट माणूस नव्हता. त्याला अण्णाराव आवडायचे, बसप्पा आवडायचा, आणि भानगड आवडत नसे. रात्री विचार करून त्यानंही निंगव्वाचीच वाट शोधून काढली होती.

“हे बघा बसप्पा,” तो म्हणाला, “एवढ्या पाण्याच्या आवाजात माणसाला मागचं ऐकू येत नाही. माझंही तसं होईल. तुम्ही सवयीनं एक भांडं उचललंत, लोक ओरडले ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तर तुम्ही लगेच बाजूला केलं असतं. मी तसं लिहून देतो. उद्या कारंजं धुऊन घेऊ, भटजी दोन मंत्र म्हणतील, आणि तुमची नोकरी आहे तशी राहील. जातीच्या लोकांशीही मी बोलतो. तुम्ही फक्त एवढं सांगा. लोक ओरडले ते तुम्हाला ऐकू आलं नाही ना?”

बसप्पानं हे सगळं एक अक्षर न गाळता वाचलं. ऐकू आलं नाही. पाच वर्षं या तीन शब्दांची त्यानं धास्ती घेतली होती. झोपेतसुद्धा ते तोंडातून निघू नयेत म्हणून तो भिंतीकडं तोंड करून निजायचा. आज तेच शब्द त्याच्यासाठी ताटात वाढून ठेवले होते. खोटं काही बोलायचं नव्हतं. घर राहणार होतं, चूल राहणार होती.

पण कानांना ऐकू आलं नसलं तरी डोळ्यांना दिसलं होतं. ती कोण आहे हे बघून त्यानं बोलावलं होतं. पाठ फिरवली ती मुद्दाम, कारण लोकांची तोंडं दिसली असती तर आपला हात आखडला असता, हे त्याला माहीत होतं. आता ऐकू आलं नाही म्हटलं की ते गाडगं चुकून भरलेलं ठरणार. चूक म्हणून ती जागा धुणार. आयुष्यात एक गोष्ट त्यानं कळून सवरून केली होती, आणि तीही चुकीत जमा होणार. त्याला निंगव्वाकडं बघायचा धीर झाला नाही.

“ऐकू आलं,” तो म्हणाला.

“काय?”

“समदं ऐकू आलं, सायेब. पयल्यापास्नं.”

वकिलानं कपाळाला हात लावला. मग तो खुर्चीतून उठला आणि दाराशी उभ्या असलेल्या निंगव्वाकडं वळला. त्याची पाठ बसप्पाकडं झाली. तो काय बोलतोय हे आता बसप्पाला कळायला मार्ग नव्हता.

“बाई,” वकील म्हणाला, “हा माणूस हट्टाला पेटलाय. तुम्ही दारातच उभ्या होता, सगळं बघत होता. तुम्ही सांगा, मी तुमचं धरतो. ह्यांना ऐकू गेलं नव्हतं ना?”

निंगव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. तो वकिलाच्या पाठीकडं बघत उभा होता, आणि समोर काय बोलणं चाललंय ते न कळलेल्या माणसाचा तो चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तिचा राग अजून गेला नव्हता. एक शब्द बोलली असती तर संध्याकाळी चूल पेटली असती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“गेलं की वो ऐकू,” ती म्हणाली. “आमच्या मालकांचं कान चांगलं हायत. त्येनी ऐकूनच दिलं.”

मग तिनं नवऱ्याला हातानं खूण केली, चला, आणि पुढं होऊन झोपडीतलं सामान काढायला निघाली.